सीमेवरील कार्बन कर : लहान आयातदार आणि त्याचा पुरवठादार

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुदखेडच्या पुढे उमरी हे स्थानक लागते. कापसाच्या व्यापारामुळे नावारूपास आलेले हे गाव ३० जानेवारी १९४८ रोजी येथील बँकेवर झालेल्या धाडसी कारवाईमुळे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात अजरामर झाले आहे. त्या काळी निजामी राज्याच्या सीमेवर माल अडवून जो कर घेतला जाई, त्यास ‘करोडगिरी’ म्हणत. मुक्तिसंग्रामात ठिकठिकाणचे करोडगिरी नाके उद्ध्वस्त करण्यात आले, ही हकीकत मराठवाड्यातील जुन्या पिढीने मुलाबाळांना सांगितलेली आहे. सीमेवरचा कर म्हणजे काय आणि त्याचा व्यापारावर कसा परिणाम होतो, हे या भागास वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

करोडगिरीचा कारकून गाडीतील माल कोणता व त्याची किंमत किती, एवढेच विचारीत असे. आता युरोपच्या सीमेवर एक निराळा कर सुरू झाला आहे. हा माल तयार करताना किती कोळसा, किती तेल, किती वायू जाळला आणि त्यातून किती कार्बन वायू हवेत गेला, असा प्रश्न हा कर विचारतो. या कराचे पूर्ण नाव ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ असे असून व्यापारी वर्गात तो ‘सीबॅम’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो.

मराठवाड्यातील अनेक तरुण छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज, पुणे जिल्ह्यातील चाकण आणि जालना येथील कारखान्यांत नोकरी करतात. त्यांपैकी काही कारखान्यांचा माल थेट, तर काहींचा माल दुसऱ्या कारखान्यामार्फत युरोपात पोहोचतो. तेथील लहान आयातदारास नवे नियम पाळणे जमले नाही, तर तो पुरवठादार बदलतो आणि त्याची झळ येथील कामगाराच्या घरापर्यंत येते. म्हणून या कराची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

कराचा हेतू

युरोपीय संघाने २००५ साली आपल्या मोठ्या कारखान्यांसाठी कार्बन परवान्यांची पद्धत सुरू केली. जो कारखाना जितके टन कार्बन वायू हवेत सोडील, तितके परवाने त्याने सादर करावयाचे, अशी ही योजना आहे. स्थानिक कारखान्यांना हा खर्च सोसावा लागतो आणि बाहेरून येणाऱ्या मालास मात्र तो लागत नाही. त्यामुळे उत्पादन अन्य देशांत सरकेल, अशी भीती तेथे व्यक्त होऊ लागली. ती दूर करण्यासाठी बाहेरच्या मालावरही तेवढाच भार बसविणारा कायदा २०२३ साली करण्यात आला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा संक्रमणाचा काळ होता. त्या काळात केवळ तिमाही माहिती द्यावयाची होती, पैसे भरावयाचे नव्हते. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचे पर्व सुरू झाले.

लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा गटांस हा कर लागू आहे. कापूस, सोयाबीन, हळद अथवा डाळी यांचा त्यात समावेश नाही. तसेच आपल्याकडील शेतकरी जे खत विकत घेतो, त्याच्याशीही या कराचा संबंध नाही. खतांचा उल्लेख ऐकून गावोगाव गैरसमज पसरण्याचा संभव असल्याने ही गोष्ट ग्रामपंचायत सदस्यांनी स्पष्टपणे सांगणे इष्ट होय.

भार कोणावर?

कायद्याच्या दृष्टीने हा कर युरोपातील आयातदाराने भरावयाचा आहे. भारतातील कारखानदारास युरोपीय अधिकारी बिल पाठवीत नाहीत. परंतु आयातदाराजवळ कारखान्याची माहिती नसते. भट्टीत काय घातले आणि किती इंधन जळले, हे केवळ उत्पादकास ठाऊक असते. म्हणजे कर भरणारा एका देशात आणि कराचा हिशेब दुसऱ्या देशात, अशी ही स्थिती आहे. मोठ्या आयातदाराकडे स्वतंत्र कचेरी व सल्लागार असतात. वर्षाकाठी दोन-चार कंटेनर बोल्ट किंवा नळजोड मागविणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. खरी अडचण त्याची आहे.

पन्नास टनांची मर्यादा

संक्रमणकाळात केवळ १५० युरोपर्यंतच्या मालास सूट होती. त्यामुळे अगदी लहान व्यापाऱ्यासही दर तिमाहीस किचकट विवरणपत्र भरावे लागे. याविषयी पुष्कळ तक्रारी झाल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांत महत्त्वाची दुरुस्ती करण्यात आली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट व खते या चार गटांचा मिळून एका कॅलेंडर वर्षात ५० टनांपर्यंत निव्वळ वजनाचा माल आणणाऱ्या आयातदारास आता या जबाबदारीतून मुक्त करण्यात आले आहे. वीज व हायड्रोजन यांस ही सवलत नाही. या दुरुस्तीमुळे सुमारे ९० टक्के आयातदार सुटले. तरीही त्या मालातील सुमारे ९९ टक्के कार्बन कराच्या कक्षेतच राहिला, असे युरोपीय आयोगाचे म्हणणे आहे.

ही मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. ती प्रत्येक खेपेस लागू नसून संपूर्ण वर्षास आणि प्रत्येक आयातदारास लागू आहे. एखाद्या व्यापाऱ्याने भारतातून २० टन, तुर्कस्तानातून २० टन आणि चीनमधून १५ टन बोल्ट आणले, तर तिन्हींची बेरीज ५५ टन धरली जाईल. शिवाय मर्यादा ओलांडताच केवळ वरच्या ५ टनांवर नव्हे, तर त्या वर्षी आणलेल्या पहिल्या टनापासून सर्व मालावर जबाबदारी येते. वीस फुटी कंटेनरमध्ये बोल्टसारखा जड माल साधारणतः २० ते २५ टन मावतो. म्हणजे दोन कंटेनरपर्यंत व्यापारी सुरक्षित असतो आणि तिसऱ्या कंटेनरपाशी त्यास विचार करावा लागतो.

आयातदाराने करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे मालाचा सीमाशुल्क क्रमांक तपासणे. कर वस्तूच्या नावावरून ठरत नाही, क्रमांकावरून ठरतो. स्क्रू, बोल्ट व नट यांचे शीर्षक ७३१८ असून ते यादीत आहे. लोखंडाच्या घडीव व इतर किरकोळ वस्तूंचे शीर्षक ७३२६ हेही यादीत आहे. परंतु ओतीव वस्तूंचे शीर्षक ७३२५ यादीत नाही, आणि स्टीलच्या घरगुती भांड्यांचे शीर्षक ७३२३ हेही नाही. एका अंकाच्या फरकाने माल कराच्या आत किंवा बाहेर जातो. मात्र पोलाद व ॲल्युमिनियमपासून बनणाऱ्या आणखी अनेक वस्तू यादीत घ्याव्यात, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला. तेव्हा प्रत्येक वर्षारंभी यादी पुन्हा पाहणे श्रेयस्कर होय.

दुसरी गोष्ट म्हणजे वजनाची चालू नोंद ठेवणे. प्रत्येक खेपेचे निव्वळ वजन तारखेनिशी लिहून एकूण बेरीज पुढे ओढावी. आवेष्टनाचे वजन त्यात धरावयाचे नाही.

तिसरी गोष्ट अधिकृत घोषणाकर्ता म्हणून नोंद होण्याची. वर्षभरात ५० टनांची मर्यादा ओलांडली जाणार असे दिसताच आपल्या देशातील सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून ही मान्यता आगाऊ घ्यावी लागते. मान्यतेवाचून मर्यादेपलीकडे माल आणल्यास नेहमीच्या दंडाच्या तीन ते पाच पट दंड होऊ शकतो. योजनेच्या आरंभी गोंधळ होऊ नये म्हणून ३१ मार्च २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना निर्णय होईपर्यंत आयात चालू ठेवण्याची सवलत देण्यात आली होती.

चौथी गोष्ट म्हणजे पुरवठादाराकडून कार्बनचा प्रत्यक्ष आकडा मिळविणे. हा आकडा मान्यताप्राप्त तपासनीसाने पडताळलेला असावा लागतो. तो न मिळाल्यास युरोपीय आयोगाने देशवार ठरवून दिलेला ठोकळ आकडा वापरावा लागतो, आणि त्यावर अधिभार चढविलेला असतो.

पाचवी गोष्ट वार्षिक विवरणपत्राची. २०२६ सालच्या आयातीचे पहिले विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत सादर करावयाचे असून त्यासोबत तितक्या टनांची प्रमाणपत्रे जमा करावयाची आहेत. या प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून ठेवण्यात आली आहे. प्रमाणपत्राची किंमत युरोपातील परवान्यांच्या लिलावातील सरासरी भावाशी जोडलेली असते. कमी भरलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे १०० युरो दंड असून, दंड भरला तरी प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी टळत नाही.

एका हिशेबाचे उदाहरण

पुढील आकडे केवळ रीत कळावी म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, एका लहान आयातदाराने वर्षात ६० टन बोल्ट आणले. प्रत्येक टन बोल्टमागे २ टन कार्बन वायू निघाला, असा पडताळलेला आकडा त्यास मिळाला. म्हणजे एकूण कार्बन १२० टन झाला. युरोपातील कारखान्यांना अद्याप काही परवाने फुकट मिळतात. म्हणून तेवढी वजावट आयातदारासही देण्यात येते. ती एका ठरावीक प्रमाणावरून काढतात. हे प्रमाण टनामागे १.४ टन आहे असे मानू. २०२६ साली त्याच्या ९७.५ टक्के, म्हणजे टनामागे १.३६५ टन वजावट मिळते. साठ टनांची वजावट ८१.९ टन होते आणि शिल्लक ३८.१ टन राहते. प्रमाणपत्राचा भाव ८० युरो धरल्यास एकूण ३,०४८ युरो भरावे लागतील.

आता हाच माल, हीच भट्टी. परंतु पुरवठादाराने नोंद ठेवलेली नाही, असे समजू. ठोकळ आकडा टनामागे ३ टन असेल, तर एकूण कार्बन १८० टन धरला जाईल. वजावट जाता ९८.१ टन राहतील आणि ७,८४८ युरो द्यावे लागतील. मालात काडीचाही फरक नसताना केवळ नोंदीच्या अभावी ४,८०० युरोंचा भुर्दंड बसला. एवढी रक्कम लहान व्यापारी स्वतःच्या नफ्यातून सोसत नाही. तो पुरवठादाराकडे भाव कमी मागतो, नाही तर दुसरा पुरवठादार शोधतो.

कापसाच्या बाजारात याहून निराळे घडत नाही. ज्या गाडीची प्रत व ओलावा तपासला जात नाही, त्या गाडीस व्यापारी आपल्या सोयीचा भाव लावतो. न मोजलेल्या मालास नेहमी खालची प्रत लागते, हा अनुभव येथेही लागू आहे.

वजावट वर्षानुवर्षे घटत जाणार आहे. २०२६ साली भाराचा भाग २.५ टक्के, २०२७ साली ५ टक्के, २०२८ साली १० टक्के, २०३० साली ४८.५ टक्के आणि २०३४ साली पूर्ण १०० टक्के, असे वेळापत्रक कायद्यातच आहे. आजचा भार हलका वाटला, तरी वरील उदाहरणातील पडताळलेल्या मालावर भाव तोच राहिल्यास २०३४ साली १२० टनांचे ९,६०० युरो द्यावे लागतील. नोंदींची सवय लावून घेण्यास मधला काळ मिळाला आहे, असेच समजले पाहिजे.

पुरवठादाराची नोंदवही

लहान आयातदाराच्या अडचणीचे उत्तर शेवटी भारतातील लहान कारखान्याच्या नोंदवहीत सापडते. बोल्ट बनविणारा कारखाना तारेची वेटोळी विकत घेतो, ती कापतो, ठोकतो आणि भट्टीत तापवून कडक करतो. त्याच्या स्वतःच्या कामात निघणारा कार्बन थोडा असतो. मोठा भाग तारेबरोबर मागच्या कारखान्यातून आलेला असतो. म्हणून तार कोणत्या कारखान्याची, कोणत्या हीट नंबरची, हे टेस्ट सर्टिफिकेटसह जपून ठेवले पाहिजे आणि त्या कारखान्याकडून कार्बनचा आकडा मागितला पाहिजे.

पोलाद कोणत्या मार्गाने तयार झाले, यावर सर्व अवलंबून असते. जालना येथे विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार व स्पंज आयर्न वितळवून पोलाद तयार करण्याचा उद्योग वाढला आहे. तेथील बहुतेक सळई देशातच खपते; तथापि तिचे उदाहरण हा विषय समजण्यास उपयुक्त आहे. लोखंड-पोलादाच्या बाबतीत सध्याच्या नियमांनुसार जळलेल्या इंधनाचाच कार्बन आकारणीत धरतात. वापरलेल्या विजेचा धरीत नाहीत. भंगारावर मागील कार्बनचा बोजा नसतो. स्पंज आयर्न मात्र कोळशाच्या साह्याने बनविलेले असल्यास त्याचा मोठा बोजा पुढच्या मालावर चढतो. म्हणजे एकाच प्रकारच्या दोन भट्ट्यांपैकी एकीत भंगार अधिक आणि दुसरीत स्पंज आयर्न अधिक असेल, तर दोहोंच्या मालावरील भारात मोठी तफावत पडेल. हे प्रमाण केवळ भट्टीवरील रोजच्या नोंदीत असते. ती नोंद फाडून टाकली किंवा अंदाजाने लिहिली, तर सिद्ध करण्यास काहीही उरत नाही.

लहान कारखान्याने ठेवावयाच्या नोंदी फारशा अवघड नाहीत. कच्च्या मालाची खरेदी व काट्याची पावती, प्रत्येक भट्टीस लागलेले डिझेल, फर्नेस ऑइल, वायू वा कोळसा, महिन्याचे वीजबिल, तयार मालाचे वजन आणि निघालेले भंगार, एवढ्या बाबी दरमहा एका वहीत उतरविल्या, तरी पायाभूत काम होते. वीज आज आकारणीत नसली, तरी वीजबिले जपून ठेवावीत. उत्पादकास युरोपीय आयोगाच्या मध्यवर्ती नोंदणीत आपल्या कारखान्याची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. त्यामुळे तीच माहिती दहा आयातदारांना दहा वेळा देण्याचे श्रम वाचतात. मात्र खोटे आकडे देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पडताळणीत असा आकडा टिकला नाही, तर आयातदारास दंड होतो आणि पुरवठादाराची पत कायमची जाते.

भारताची भूमिका आणि देशातील उपाय

हा कर एकतर्फी आहे आणि विकसनशील देशांवर अन्याय करणारा आहे, अशी हरकत भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर वेळोवेळी नोंदविली आहे. हवेतील कार्बनचा मोठा भाग गेल्या दोन शतकांत आज श्रीमंत असलेल्या देशांनी सोडला. म्हणून जबाबदारी सर्वांची असली तरी ती सारखी नाही, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झाले होते. या हरकतीत तथ्य आहे. परंतु वाटाघाटी चालू असताना बंदरावरील माल थांबून राहत नाही. हरकत नोंदविणे आणि हिशेब ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

देशातही या दिशेने पावले पडली आहेत. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. उत्पादक देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरलेली असल्यास ती युरोपातील भारातून वजा मागता येते, अशी तरतूद युरोपीय कायद्यात आहे; या दृष्टीने या योजनेस महत्त्व आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने ‘हरित पोलादा’ची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असलेल्या पोलादास हरित म्हणावयाचे व १.६ टनांपेक्षा कमी असल्यास पाच तारे द्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. मोजमाप व प्रमाणपत्रे यांचे काम राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले आहे. ब्रिटननेही १ जानेवारी २०२७ पासून स्वतःचा असाच कर लागू करण्याचे ठरविले असल्याने ही नोंदवही केवळ एका बाजारापुरती उपयोगाची नाही.

गावपातळीवरील कार्य

उमरीसारख्या तालुक्यात निर्यात करणारे मोठे कारखाने नसले, तरी येथील मुले त्या कारखान्यांत जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर व फिटर होणाऱ्या विद्यार्थ्यास भट्टीची नोंद कशी ठेवावी, हे शिकविले, तर त्यास नोकरीत त्याचा लाभ होईल. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास टनाचा आणि युरोचा हा हिशेब अवगत असेल, तर लहान कारखानदारास तो हवाच आहे.

माध्यमिक शिक्षकांना हा विषय विज्ञान व गणित यांची सांगड घालण्यास सोयीचा आहे. १२ किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे रसायनशास्त्रातील प्रमाण आहे. एक लिटर डिझेल जळल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ट्रॅक्टरने एक एकर नांगरण्यास किती डिझेल लागले, एवढे घरी विचारून येण्यास सांगितले, तर आठवी-नववीचा विद्यार्थी त्या नांगरणीचा कार्बन स्वतः काढू शकेल. युरोपीय तपासनीस कारखान्यात करतो, ते याहून मुळात वेगळे नाही.

जिल्हा उद्योग केंद्राचे अधिकारी, बँकांचे शाखाधिकारी व पंचायत समितीचे सदस्य यांनी नव्या उद्योजकाशी बोलताना कर्ज, जागा व वीज यांबरोबरच नोंदवहीचीही विचारणा करावी. उद्योग सुरू होतानाच ही शिस्त लागली, तर ती जड वाटत नाही.

करोडगिरीचे नाके हटविण्यासाठी मराठवाड्याच्या जनतेस लढा द्यावा लागला. आजचा नाका दूर देशात आहे. तेथे उभ्या असलेल्या लहान आयातदाराच्या हाती द्यावयाचा कागद मात्र येथल्याच एखाद्या कारखान्यात, भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या हातून लिहिला जावयाचा आहे. तो कागद खरा, पूर्ण आणि वेळेवर लिहिला गेला, तर आयातदाराचा भार हलका होईल आणि येथील कामगाराचे कामही टिकून राहील.